शेवंताची नवी कडी

रविराज,

शेवंताच्या लगामाचे पट्टे शोधू नको. ते घेऊन मी सिरसाळ्याला लोहाराकडं चालले. काल वरातीवरून आल्यावर तू घोडी बांधून झोपलास, पर तिनं भरड्याला तोंड लावलं न्हाई. जबडा उघडून बघितला तर लगामाच्या त्या काटेरी कडीनं तिची जीभ चिरलेली. लोक म्हणतात घोडी लई नाचती. ती नाचत न्हाई बाबा, तोंड सोडवून घ्यायला बघती.

तिच्या तोंडाचं माप सुतळीनं घेतलंय. दोन्हीकडं बोटभर मोकळी राहील अशी गुळगुळीत कडी करून ह्याच पट्ट्यांत बसवून आणते. तरी जखम भरल्याबिगर तिच्या तोंडात काही घालायचं न्हाई. आजच्या नवरदेवाला जीप बघून दे. शेवंताला भरडा पातळ भिजवून दे, कडबा टाकू नको.

पट्टे का नेले म्हणून फोनवर ओरडू नको. काटेरी कडी घासूनपुसून तुझ्या ताटात ठेवली हाय. आधी तू ती दातांत धर, कुणाला तरी ओढायला लाव आन् अंगणात एक चक्कर मार. मग मला सांग, त्याला नाच म्हणतात का.

– माय