आठ रिकाम्या ओळी

चंद्रपूर, २७ एप्रिल २०२६

प्रिय वच्छलाआत्या,

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं. वाघाची चाहूल लागताच भोंगा वाजवणारा आपल्या मोहाच्या रानातला डबा, पोचूकाकाच्या सुकरीकाकीला वाघानं मारलं त्या पहाटे, बॅटरी उतरल्यामुळे गप्प राहिला, असं मी कळवलं होतं. बॅटरी भरलेली होती. त्या दिवसाच्या नोंदी मी तेव्हा पाहिल्याच नव्हत्या, ऑफिसात सगळे म्हणाले तेच लिहिलं. परवा पाहिल्या.

मी नेमकं काय काम करते, हे तू नेहमी विचारतेस. डब्यात नखाएवढा प्रोसेसर असतो. त्याला एकामागून एक सूचना द्याव्या लागतात: जागा हो, उष्णता टिपणारा डोळा उघड, वाच, भोंगा वाजव, झोप. प्रत्येक सूचनेला थोडी वीज लागते. म्हणून सूचना मागेपुढे करायच्या, फालतू वाटतील त्या काढायच्या, म्हणजे बॅटरी जास्त दिवस पुरते. हे मला तूच शिकवलंस, शाळेत नाव घालायच्याही आधी, चुलीपाशी. भाताला आधण येईपर्यंत मी नुसती बसले की म्हणायचीस, "काऊन वं रंजी, हात भाड्यानं देले का? तोवर वांगे चिर." रिकामा वेळ मला अजून सोसत नाही.

डोळा उघडणं आणि वाचणं यांच्यामध्ये आठ ओळी होत्या, आठही एकच सांगणाऱ्या: काही करू नको. मी त्या काढल्या. चंद्रपूरच्या उन्हात डबा शंभरदा तपासला, शंभरदा भोंगा वाजला. पण गारव्यात तो डोळा उघडायला किंचित जास्त वेळ घेतो. रानातल्या त्या पहाटे प्रोसेसर डोळा उघडण्याआधीच वाचून मोकळा झाला, आणि त्याला समोर काहीच दिसलं नाही. सुकरीकाकी तेव्हा वाकून मोहफुलं वेचत होती. भात उतरवल्यावर झाकण ठेवून थांबायचं असतं, हेही तू शिकवलं होतंस. ते मी विसरले.

माझं पत्र तू चावडीवर वाचून दाखवलंस, असं पुनम फोनवर म्हणाली. डब्याची सोलर प्लेट पुसायचं काम पोचूकाकाचं. आता गावात बोलतात, "पोचूनं प्लेट पुसली नाई, म्हून त्याची बायको गेली." तोही तेच मानतो. डबा आम्ही केव्हाच बंद केला, तरी तो रोज सकाळी जाऊन प्लेट पुसून येतो म्हणे.

ऑफिसला मी सगळं लेखी दिलं, त्या आठ ओळीही परत घालून दिल्या. उत्तर आलं, मोहाचा हंगाम संपला, पुढच्या वर्षी बघू, बाहेर बोलू नकोस. बोलले तर नोकरी राहणार नाही, आणि सुकरीकाकी तर येणारच नाही. पोचूकाका मला दारात उभं करेल, असंही वाटत नाही. तरी हे पत्र तू कुणाला वाचून दाखवू नकोस. या वेळी मी स्वतः सांगणार आहे, आधी त्याच्या अंगणात, मग ग्रामसभेत सगळ्यांसमोर. येत्या शुक्रवारी, १ मेला.

तुझीच, तुझ्या चुलीपाशी शिकलेली,
रंजी