सुरू करून देणारा

शनिवार संध्याकाळ, १९९९. लिंबायत, सुरत.

पर्वत पाटियाच्या कापडवाल्याकडे लिनक्सचा सर्व्हर बसवला. दोन डिस्क, 'रेड' पद्धतीनं जोडलेल्या, दोन्हींवर तेच. एक गेली तरी दुसरी चालावी. पहिली काढून पाहिली, तर मशीन सुरूच होईना! दुसरीवर सगळं होतं, फक्त मशीन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, लिलो, पहिलीवरच. दुसरीवरही टाकला तेव्हा कुठे चाललं.

तेव्हापासून डोक्यात तेच. माझे वडील, बापू, मिलमधून आले की दारातूनच अहिराणी सुरू करायचे, मग सगळं घर बोलायचं. ते गेले आणि मी घरातही हिंदीवर आलो. शब्द तर सगळे आहेत माझ्याकडे. सुरू करून देणारा गेला, एवढंच ना?

आज बापूंसारखं दारातूनच मायला म्हणालो, "काय करी ऱ्हायनी?"

मागं न बघताच मायनं फळीवरचं बापूंचं ताट काढलं. मग वळली. बघत राहिली.

आणि त्याच ताटात मला वाढलं.