आउटरला न थांबलेली गाडी

मंगळवार, संध्याकाळ

अजून लाज वाटते. नोकरीत कायम करायचं की नाही, हे याच आठवड्यात ठरणार आणि मी खोटं लिहिलं. सेवाग्रामहून जाणारी गाडी नागपूरच्या आउटर सिग्नलला रोज अडते, म्हणून साहेबांना आधीच कळवलं, "गाडी थांबली आहे."

डब्यात शेजारी बसणाऱ्या काकू रोज गाडी तिथे थांबली की जेवणाचा डबा खातात. त्या ओरडल्या, "अवं, थांबूनच नाई राह्यली! मंग डबा कवा खाऊ मी?" नव्या रुळावरून गाडी सरळ फलाटावर, तिथून समोरच्या पुलावरून चालत थेट मेट्रोत. किती विचारानं आखलं असेल कुणी! काकूंचा डबा तसाच.

न पाहता लिहू नये, हे आईनं घरी अक्षरं गिरवून घेतानाच शिकवलं होतं. ऑफिसात वेळेआधीच पोचून, साहेब आल्याबरोबर कबूल केलं. ते म्हणाले, "तुझा निरोप वाचून टपरीवर अजून एक चहा घेतला. उशीर मलेच झाला!"