साखर न घातलेल्या बाटल्यांची व्यवस्था

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, व्यवसाय वृत्तपत्राचा वार्ताहर, शिक्षण संस्कृत (म्हणजे व्यवसायाशी संबंध नसलेले), पूर्ण शुद्धीवर असून हे लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. सर्जन म्हणतात, किरकोळ काम आहे. हृदय त्यांचे नसल्यामुळे त्यांच्या म्हणण्यात तथ्य असावे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. केलेले आढळल्यास ते रद्द समजावे, आणि अक्षर कोणाचे आहे ते पाहावे.

१. राहते घर, तळमजल्यावरची वाइन करण्याची खोली आणि खालचे तळघर माझ्या एकुलत्या मुलीस. मागचे दार दमट हवेत फुगते. लाथ खालच्या डाव्या कोपऱ्यात मारावी. बँकेत जे असेल तेही तिचेच. पाहून खचू नये.

२. माझे सर्व शब्दकोश आमच्या कचेरीतल्या उपसंपादकबाईंना. माझ्या मजकुरातला प्रत्येक ‘किंबहुना’ त्यांनी आजवर निष्ठेने कापला. तो शब्द कोशात आहे. पानावर खूण करून ठेवली आहे.

३. बर्फाची चांदीची बादली माझ्या मेहुण्यास. बाटली बर्फात ठेवायची असते, बर्फ वाइनमध्ये टाकायचा नसतो, हे त्याच्या बहिणीने त्याला आयुष्यभर सांगितले. बादलीने तरी पटावे.

४. आता फसफसत्या वाइनविषयी. माझी आवड नोंदवून ठेवतो, कारण ती कोणी मनावर घेतलेली नाही. मोठ्या टाकीत फसफसवलेली, फळांच्या वासाची हलकी वाइन मला आवडते. गोड, लाल, गुलाबी फेसाची त्याहून आवडते. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून वर्षानुवर्षे गाळावर निजवलेली, मोहरीहून बारीक बुद्बुदांची वाइन जाणकार श्रेष्ठ मानतात, आणि साखरेशिवाय ती माझ्या घशाखाली उतरत नाही. माझी पत्नी नेमकी हीच करीत असे. बिनसाखरेची.

“अहो, तुम्हाला वाइन नकोय. सरबत हवंय,” ती म्हणे.

“मग सरबत कर.”

“ते दुकानात मिळतं.”

५. तळघरात तिच्या शेवटच्या खेपेच्या बाटल्या आहेत. या वाइनमध्ये साखरेचा निकाल अगदी शेवटी लागतो. गाळ बाटलीच्या मानेत आणतात, तात्पुरते झाकण काढून तो उडवतात, आणि मोकळी झालेली जागा भरताना गोडी घालायची की नाही ते ठरते. मग कायमचे बूच. या बाटल्यांतला गाळ मानेपर्यंत आला होता. एका दुपारी ती तळघरातून वर आली, खुर्चीत टेकली, ती तिथेच गेली. त्याच सकाळी मला म्हणाली होती, “या खेपेला चार बाटल्या तुमच्या. हव्या तेवढ्या गोड करून देते. फक्त त्यांवर माझं नाव लावायचं नाही.”

चार कोणत्या, ते सांगितले नाही. गोडी किती, तेही नाही. ती मोजून घालत नसे. चव घेई आणि हात थांबवी.

मुलीने आणि मी एकदा प्रयत्न केला.

“बाबा, किती घालायची?”

“आईला विचार,” मी म्हणालो. तोंडातून निघून गेले. मग काहीतरी करायचे म्हणून मी चमचाभर साखर आत ओतली. सगळी बाटली छताला लागली.

“कोरडी साखर?” मुलगी केस पुसत म्हणाली. “ती आधी वाइनमध्ये विरघळवतात. इतकी वर्षं या घरात तुम्ही केलंत काय?”

“बातम्या दिल्या.”

दुसरी बाटली तिने रीतसर गोड केली. उत्तम झाली. अर्धा पेला प्यालो, आणि ध्यानात आले की ही खरोखरच दुकानात मिळते. तिसरी बिनसाखरेची उघडली. आंबट, ताठ, जराही न वाकणारी. दुसरा घोट जाईना. तात्पर्य, माझी मला नको आणि तिची मला पेलवत नाही.

मेहुणा म्हणतो, “दाजी, सगळ्या गोड करून टाका. लोकांना गोडच लागतं.” शेजारच्या दंतवैद्यबाई साखरेचे नाव काढू देत नाहीत. मुलगी म्हणते, “तुम्ही म्हणाल तसं.” हे वाक्य तिच्या आईने मला कधीच ऐकवले नाही, त्यामुळे त्यावर उत्तर काय देतात ते मला ठाऊक नाही. निर्णय पुढे ढकलावा, तर तात्पुरती पत्र्याची झाकणे गंजू लागली आहेत. ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ दस्तऐवजात शोभते; पत्र्याला ते लागू नाही.

हे कलम मी गोड लिहिले, खोडले. निम्म्या गोड लिहिले, खोडले. चारच गोड, असे लिहिले, तर त्या निवडायच्या कोणी? सबब: सर्व बाटल्या मुलीस. गाळ काढावा. मोकळी जागा त्याच वाइनने भरावी, दुसरे काही घालू नये. नाव आईचे लावावे. मला देऊ केलेल्या चारांवरचा हक्क मी सोडत आहे. झडप नीट बसून मी घरी परतलो, तरीही हेच करावे. मी मध्ये बोलू लागलो तर मला वरच्या खोलीत पाठवावे.

६. हे सर्व मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावावाचून लिहिले, असे येथे म्हणावे लागते. पाचवे कलम सोडून ते खरे आहे. पाचव्यात दबाव आहे. तो आणणारी व्यक्ती हयात नाही, त्यामुळे तिच्याशी वाद घालण्याची सोय राहिलेली नाही.

सही: वार्ताहर

साक्षीदार १: दंतवैद्य, शेजारचे घर. (मजकूर वाचला. रुग्ण शुद्धीवर.)
साक्षीदार २: घड्याळ दुरुस्त करणारे, समोरचे दुकान. (मजकूर वाचला नाही, सही करताना पाहिले.)

ठिकाण: तळघरावरची खोली
दिनांक: द्राक्षतोडणीआधीचा शनिवार