धुऱ्यावरचं हिरवं पाकीट

२२ जून, आर्णी
शाळा सुटल्यावर सायकलने शिवारात. पेरलेल्या बियाण्याचं रिकामं पाकीट काडीला खोचून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, लावतातच सगळे. गेल्या वर्षी एकाच कंपनीचं हिरवं पाकीट चार शेतांत दिसलं, म्हणून त्या कंपनीचे शेअर घेतले. यंदा अकरा शेतांत! दादाच्याही धुऱ्यावर. आणखी घेणार.
माझे नियम तीनच. लाभांश कधी चुकवलेला नको. कंपनीवर फार कर्ज नको. माल आपल्या डोळ्यांना दिसला पाहिजे. घेतला की दहा वर्षं विकायचा नाही. चहाच्या टपरीवरचे टिपा देणारे गेले खड्ड्यात.

८ ऑक्टो.
दादाच्या कपाशीची पराटी लाल पडली. बोंडं सुपारीएवढी. आज शाळेच्या फाटकात येऊन पोरांसमोर ओरडला, "तू पैसे लावले म्हनून आमी हे बी पेरलं! मीच सांगत फिरलो, मास्तर उगाच घेत नाही म्हनून."
"अरे, मी तर तुमची पाकिटं पाहून घेतले."
"अन् आमी तुले पाहून! आता बोल!"
पेरा म्हणून मी कधी सांगितलं? भयंकर राग आला. त्याचा, आणि त्याहून जास्त माझा. यंदाची ती अकरा पाकिटं म्हणजे मीच होतो.

९ ऑक्टो.
अकराही शेतं पाहून आलो. सगळीकडे तेच. एकजण माझ्याकडे बघून थुंकला.

२७ ऑक्टो.
शेअर चढला. खप वाढला म्हणे! कंपनी अजून तिन्ही नियमांत बसते. माल कसा निघाला, हे विचारणारा नियम मी केलाच नाही. गाढव.
बायको म्हणाली, "इकून टाका. जाऊबाई बोलत नाही माह्याशी."
"दहा वर्षं नाही विकायचे."
"मंग दहा वर्षं बोलाचं नाही काय आमी?"

११ नोव्हें.
सकाळी घराच्या फाटकाशी काडी रोवलेली, तिला हिरवं पाकीट. दादाचंच काम. बायको उपटायला निघाली, मी ओरडलो तिच्यावर. राहू दे.
शेअर विक्रीच्या चिठ्ठीवर सही केली आहे; ती यवतमाळला दलालाकडे न्यायची. विकले तरी त्याची पराटी हिरवी होणार नाही. नाही विकले तर दादा या घरात पुन्हा…
नऊची यवतमाळ बस समोरून गेली. हात केला नाही. दुसरी साडेअकराला आहे.