शेवट तेवढा खोटा

३ फेब्रुवारी
पुण्याहून फोन. माझ्या कथासंग्रहाला बक्षीस! सोळाला, रविवारी समारंभ. हात पिठात, फोन खांद्यानं धरलेला. "हेमावती मॅडम का?" मॅडम! चौथी पास बाईला!
विजयमालाला आधी सांगितलं. माझी धाकटी जाऊ, भिंतीपलीकडे राहते. वीस वर्षं आम्ही एका चुलीवर कडक भाकऱ्या करून विकतोय. "पेढे आणा की अक्का, नुसतं काय सांगताय!" म्हणाली. खरं तर निम्मं बक्षीस तिचंच. ती थापता थापता सांगते, मी दुपारी लिहिते. पुस्तक तिनं वाचलेलं नाही — कन्नड शाळेत शिकलेली, मराठी वाचता येत नाही.

५ फेब्रुवारी
पेपरात परीक्षण आलं. "अल्पशिक्षित असूनही..." तो 'असूनही' घशात अडकलाय. पुढं म्हणे, "शेवटच्या कथेतला मुलीचा मृत्यू लेखिकेने जवळून पाहिला असणार."
डोंबल! तेवढंच एक मी मनानं रचलंय. बाकी सगळं विजयाच्या दानेश्वरीचं. पोरगी दुसऱ्या जातीतल्या मुलाबरोबर गेली, सात वर्षं झाली. बापानं, म्हणजे चनमल्लप्पाभाऊजींनी, घरात तिचं नाव बंद केलं. कुठं आहे, कशी आहे, काही पत्ता नाही. कथेत मी तिला बाळंतपणात मारली. कथेला शेवट नको का?

७ फेब्रुवारी
गल्लीत फ्लेक्स लागला. फोटो आधारकार्डावरचा! कैदी दिसतेय नुसती.

९ फेब्रुवारी
वाटोळं झालं.
कोपऱ्यावरच्या अक्कम्मानं ते परीक्षण बायकांना वाचून दाखवलं. गोष्ट कुणाची ते सगळ्यांना ठाऊकच. दानू गेली, असंच धरून चालल्या! सकाळी पाचसहा जणी डोक्यावर पदर घेऊन विजयाच्या दारात. बसल्या, रडल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. आणि 'येते' न म्हणता उठल्या — मौतीच्या घरातनं उठतात तशा. विजयाला कळेना, गेलं कोण! शेवटी अक्कम्मा गळ्यात पडली, "पेपरात आलंय की गं, तुज्या दानूचं."
पिठाच्या हातानं तशीच माझ्याकडे आली.
"अक्का, कुणी सांगितलं तुमाला? कवा गेली?"
"कुणी नाही गं. मी रचलं. गोष्ट आहे ती!"
"त्या दिवशीची तिची हिरवी साडी लिवलीय म्हणत्यात. न्हेलेली पिशवी लिवलीय. सगळं खरं लिवलंय. मग शेवट तेवढा खोटा कसा?"
वळली आणि गेली.

१० फेब्रुवारी
चूल पेटली नाही.

१२ फेब्रुवारी
आणखी एक परीक्षण, एका मासिकात. "अपरिहार्य शेवट." अपरिहार्य म्हणे! लेखणी माझ्या हातात होती. जगवली असती तर काय शाई संपणार होती? पण मेल्याशिवाय परीक्षकांच्या डोळ्यात पाणी येत नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं. तेवढी हुशारी चौथीतच आली होती.
विजया जेवत नाही. दानूचा फोटो ट्रंकेतनं काढून बसलीय. भिंतीपलीकडून एवढंच विचारलं, "हार घालू का नको, तेवढं सांगा."

१४ फेब्रुवारी
भाऊजींना गाठलं. "काही करा, पण पोरीला शोधा. हिच्यासाठी तरी!"
मान वर न करता म्हणाले, "मेलीया की. तुमच्याच पुस्तकात मेलीया. बक्षीस बी लागलंय." तोंडात मारल्यासारखं झालं.

१५ फेब्रुवारी
विजयानं फोटोला हार घातला. उदबत्ती लावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१६ फेब्रुवारी
सकाळी उठते तर भाऊजी दारात. हारातली फुलं मुठीत चुरगाळलेली. "वहिनी, दानू जिती हाय. कुर्डुवाडीला. दोन पोरं हैत. दर दिवाळीला जातो, लांबनं बघून येतो. हिला कवा सांगितलं न्हाय."
गाडी पुण्याचीच धरली. वाटेत कुर्डुवाडीला उतरणार, तिघंही. बक्षीसवाल्यांना कळवलेलं नाही. विजया खिडकीशी बसलीय. आम्हा दोघांशीही बोलत नाही.