सत्कारातले भाषण पुरावा न धरण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
चारित्र्य पडताळणी समिती,
राज्य प्रकल्प संरक्षण दल,
भरती कार्यालय, सोलापूर.

अर्जदार : श्रीमती केराबाई येडू रूपनवर, धंदा मेंढपाळ, रा. रूपनवर वस्ती, नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर.

विषय : सत्कार समारंभातील भाषण पुरावा म्हणून न धरता, अर्जदाराचा मुलगा बिरुदेव येडू रूपनवर याच्या अपात्रतेचा फेरविचार होणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचा अपात्रतेचा आदेश व त्यानंतरची दोन पत्रे.

माननीय साहेब,

१. अर्जदार केराबाई यांना लिहिता येत नाही. हा अर्ज त्यांची धाकटी जाऊ विजयमाला, अंगणवाडी सेविका, लिहीत आहे. सांगणे अर्जदाराचे आहे, कागदी भाषा लेखनिकाची आहे, आणि मध्येच कुठे आवाज चढलेला वाटला तर तोही लेखनिकाचाच समजावा. अर्जदार स्वभावाने गरीब आहेत.

२. बिरुदेव हा अर्जदाराचा एकुलता एक मुलगा. गेल्या भरतीत धावणे, छाती, उंची, लेखी असे सगळे पार करून त्याचे नाव निवड यादीत आले. ‘आपण कधी अंमली पदार्थाचे सेवन केले आहे काय’ या प्रश्नापुढे त्याने ‘होय’ असे लिहिले होते. वडील मेंढरांसकट ट्रकखाली सापडून गेले, त्यानंतरचा एक हंगाम तो उसाच्या ट्रॅक्टरवर कामाला होता आणि तिथे गांजा ओढायला शिकला. २०१८ च्या उन्हाळ्यात ते सुटले ते सुटले. आपल्या नियमात मागील पाच वर्षांतले सेवन अपात्र ठरते, त्याआधीचे खरे सांगितले तर चालते. मुलाखतीत साहेबांनी त्याच्या खरेपणाबद्दल पाठ थोपटली होती, हे तो घरी येऊन दोनदा सांगून गेला.

३. ते कसे सुटले, हे समितीने विचारलेले नाही, पण अर्जदाराला सांगायचे आहे. कोणत्याही केंद्रात नेले नाही. अर्जदाराने त्याला कळपामागे घातले. आमच्यातली माणसे पाऊस सरला की मेंढरे घेऊन घाटाकडे जातात, वाटेत ज्याच्या रानात खतासाठी मेंढरे बसवायची त्याच्याच रानात मुक्काम. त्या वर्षी अर्जदार उन्हाळ्यातच निघाल्या. पोराला पुढे घातला, स्वतः मागे राहिल्या, आणि पान-टपरी असलेले प्रत्येक गाव टाळून कळप माळामाळाने नेला. तो चिडायचा, थरथरायचा, एकदा आईच्या अंगावर काठी घेऊन धावला. अर्जदार नुसत्या मेंढरे हाकत राहिल्या. पाऊस पडेपर्यंत पोरगा भाकरी मागून खाऊ लागला. या उपचाराची पावती कोणी देत नाही, म्हणून ती जोडलेली नाही.

४. आता भाषणाविषयी. निवड झाल्यावर वस्तीने सत्कार ठेवला. फ्लेक्स लागला, फेटा बांधला, हलगी वाजली. अर्जदाराचे धाकटे दीर आबासाहेब हे व्यसनमुक्ती मंडळाचे अध्यक्ष असून माइक हातात आला की त्यांना आवरत नाही. त्यांनी भाषणात सांगितले की, तीन वर्षांमागे हा पोरगा गांजात गळ्यापर्यंत बुडालेला होता, आपल्या मंडळाने त्याला हात धरून वर काढला. खरे तर मंडळच तीन वर्षांचे आहे, त्याआधीचे श्रेय त्यांना घेता येत नव्हते. टाळ्या पडल्या. अर्जदारांनीही वाजवल्या, कारण भाषणात वर्षे कोण मोजतो? एवढ्यावर न थांबता आबासाहेबांनी त्या भाषणाचा व्हिडिओ आणि बातमीचे कात्रण आपल्याच कार्यालयाला पाठवले, आणि मंडळाच्या पुढल्या कार्यक्रमाला साहेबांनी पाहुणे म्हणून यावे अशी विनंती केली. साहेब आले नाहीत. अपात्रतेचा आदेश आला. मुलाने लिहिलेले साल खोटे आणि चुलत्याने माइकवर सांगितलेले खरे, असे समितीने धरले.

५. सदर आबासाहेब हे लेखनिकाचे यजमान आहेत, ही बाब दडवण्याची इच्छा नाही. भाषण चुकीचे होते एवढे दोन ओळींत लिहून द्या, म्हणून अर्जदार त्यांच्या दारात गेल्या. ते म्हणाले, “वैनी, गळ्यात हार घालून घेतला, आता भाषण खोटं हुतं म्हणू व्हय? लोकं मंडळाला हसतील की.” अर्जदार उठून आल्या. लेखनिकाने मात्र त्या दिवशी घरात चूल पेटवली नाही. यजमानांचे म्हणणे खोटे असल्याचे लेखनिकाने स्वतः लिहून दिले, ते ‘नात्यातील साक्ष’ म्हणून परत आले. साहेब, चुलता नात्यातला नसतो काय?

६. आपल्या पहिल्या पत्रात असे मागितले की, उमेदवाराने मागील पाच वर्षांत सेवन केले नाही याचा पुरावा द्यावा. अर्जदार सरकारी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीण बाई चांगल्या होत्या, त्या म्हणाल्या की रक्त-लघवी आजचे सांगते, मागच्या सालांचे सांगत नाही. अर्जदार ज्यांच्या रानात मेंढरे बसवली त्या शेतकऱ्यांकडे गेल्या. ते म्हणाले, खत उत्तम पडले एवढे लिहून देतो, पोराच्या तोंडाचा वास आम्ही घेतला नाही. शेवटी भरती कार्यालयातल्या एका कर्मचाऱ्याने, बहुधा वैतागून, सांगितले की ज्याच्याकडून तो माल घ्यायचा त्यालाच आणा मग. हे चेष्टेने म्हटले असेल. अर्जदाराला साहेब लोकांची चेष्टा कळत नाही.

७. अर्जदाराने त्या माणसाला शोधून काढले. तो हल्ली चहाचा गाडा लावतो. स्वतःवर येईल हे ठाऊक असूनही तो तयार झाला, म्हणाला, “त्या हंगामानंतर पोरगं माझ्याकडं फिरकलं न्हाय. मी त्याला हाक मारायचो, त्यो मान खाली घालून जायाचा.” माळशिरसला वकिलाकडे बसून त्याने हे सही करून दिले. या सगळ्या प्रकरणात खरे बोलायला तयार झालेला घराबाहेरचा हा एकच माणूस. त्यावर आपले दुसरे पत्र आले : ‘उमेदवाराच्या कुटुंबाचे अंमली पदार्थ विक्रेत्याशी आजही संबंध असल्याचे अर्जदाराने सादर केलेल्या कागदावरूनच दिसून येते.’ लेखनिकाने ते वाचून दाखवले. अर्जदार म्हणाल्या, परत वाच. परत वाचले. मग त्यांनी विचारले की आता कुणाला शोधून आणायचे.

इथवरचा मजकूर मागच्या बाजाराच्या दिवशी लिहून झाला होता. सही तेवढी राहिली होती. आज अर्जदार आल्या आणि पुढचे लिहायला सांगितले. आधीचे खोडू नको म्हणाल्या.

दुसरे पत्र आल्यापासून बिरुदेवने पहाटेचे पळणे सोडले. पळायचे बूट चुलतभावाला देऊन टाकले आणि पुन्हा उसाच्या ट्रॅक्टरवर गेला. परवा घरी आला तेव्हा अर्जदार त्याचा शर्ट धुवायला घेत होत्या. तो वास त्या विसरलेल्या नाहीत. शर्ट तसाच हातात धरून त्यांनी त्याला विचारले. तो रागावला नाही, काठी घेऊन धावला नाही. तो म्हणाला, “आये, सरकारच्या कागदावर मी तसाच हाय. मग खरंच असू दे की.”

अर्जदारांनी पुन्हा मेंढरे काढायचे ठरवले होते. तो येत नाही म्हणाला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, ढकलून नेता येत होता. आता तो आईला उचलून बाजूला ठेवतो.

हे लिहिले तर पाच वर्षे पुन्हा आजपासून मोजली जातील आणि नोकरीचा विषय संपेल, असे लेखनिकाने अर्जदाराला स्पष्ट सांगितले आहे. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या, “लिव्ह. नोकरी ऱ्हाऊ दे त्यास्नी.”

तरी फेरविचाराची वरील विनंती अर्जदार मागे घेत आहेत. त्याऐवजी मागणे एवढेच आहे की, ज्या दिवशी समितीने बिरुदेवला नशेखोर ठरवले त्या दिवशी तो नशेखोर नव्हता, असे एका कागदावर लिहून, शिक्का मारून द्यावे. तो कागद अर्जदार कुठल्याही कोर्टात नेणार नाहीत, दुसऱ्या भरतीला लावणार नाहीत, तसे आधीच लिहून देतात. तो फक्त पोराला वाचून दाखवायचा आहे. आईचे तो ऐकत नाही, चुलतीचे ऐकत नाही. सरकारच्या कागदाचे त्याने लगेच ऐकले. म्हणून, बरा आहे असे सरकारने लिहिले तर तो बरा होईल, असे अर्जदाराला वाटते. लेखनिकाला तसे वाटत नाही, पण तिनेही हात जोडले आहेत.

कागद लवकर मिळावा.

आपल्या शिक्क्याची वाट पाहत,

केराबाई येडू रूपनवर
(अर्जदाराचा डाव्या हाताचा अंगठा)

लेखनिक : विजयमाला आबासाहेब रूपनवर
नातेपुते, दि. ११ फेब्रुवारी २०२५

सोबत : आपली दोन पत्रे, चहाच्या गाड्यावाल्याचा जबाब, लेखनिकाचे परत आलेले म्हणणे, तेच पुन्हा.